बर्लिनच्या फरसबंदीतली वर्गणी

बर्लिनमध्ये भाचीकडे मुक्काम होता, तेव्हा ब्रांडेनबुर्ग दरवाजा, संग्रहालये आणि नदीतली नौकासफर हे सारे रीतसर उरकले. त्याबद्दल नवे लिहावे असे माझ्यापाशी काही नाही. ज्यूंच्या हत्याकांडाचे २००५ साली खुले झालेले स्मारकही पाहिले. काँक्रीटचे २,७११ ठोकळे, त्यांवर एकही नाव नाही, आणि वर चढून स्वतःची छायाचित्रे काढणारी पोरे! मला तिथे थांबवेना. पावणेतीन कोटी युरोंच्या आसपास सरकारी खर्चाने उभारलेल्या त्या स्मारकापेक्षा भाचीच्या इमारतीतल्या रहिवाशांनी वर्गणी काढून बसवलेल्या चार स्मृतिदगडांनी मला अधिक शिकवले.

ती राहते तो शोनेबर्ग भाग. हिटलर सत्तेवर येण्यापूर्वी इथे डॉक्टर, वकील अशा सुस्थितीतल्या ज्यू कुटुंबांची मोठी वस्ती होती. आइन्स्टाइनही इथेच राहत. आता फुटपाथवर जागोजागी तळहाताएवढे पितळी चौकोन चमकतात. त्यांना श्टोल्परश्टाइन म्हणतात. गुंटर डेमनिग या कलावंताने १९९०च्या दशकात ही कल्पना आणली. मारल्या गेलेल्या माणसाने स्वतःच्या मर्जीने निवडलेले शेवटचे घर शोधायचे आणि त्याच्यासमोर दहा सेंटिमीटरचा ठोकळा जमिनीत बसवायचा. माणूस एक, दगड एक. मे २०२३ मध्ये न्यूर्नबर्गला एक लाखावा दगड बसला. हा सगळा व्याप मुख्यतः देणग्यांवर चालतो. एका दगडाचा खर्च कित्येक वर्षे १२० युरो होता आणि तो नातवाने, शाळेच्या वर्गाने किंवा अगदी परक्यानेही उचलावा, अशी मुभा आहे.

आमच्यासमोर बसवले गेलेले दगड आई, वडील आणि दोन मुलींचे होते. कामगाराने फुटपाथचे छोटे दगड उपसले, चारही ठोकळे एकमेकांना खेटून बसवले, फटींत वाळू झाडली आणि पाणी ओतून ओल्या स्पंजने पितळ पुसले. त्यावरचे प्रत्येक अक्षर हाताने ठोकून उमटवलेले असते, कारण ज्या हत्या कारखान्याच्या शिस्तीने झाल्या त्यांची आठवण कारखान्यातून काढायची नाही, असा डेमनिग यांचा आग्रह. मग जवळच्या शाळेतली एक मुलगी कागद घेऊन पुढे आली. छळछावण्यांकडे नेणाऱ्या गाडीत कोंबण्यापूर्वी ज्यूंकडून मालमत्तेची यादी भरून घेतली जात असे, म्हणजे जप्ती सोयीची व्हावी. अशा हजारो याद्या आजही पोट्सडामच्या अभिलेखागारात आहेत. या कुटुंबाची यादी तिच्या वर्गाने तिथे शोधली होती. ती सावकाश वाचत होती: खुर्च्या चार, शिवणयंत्र एक, टॉवेल सहा, मुलींचे हिवाळी कोट दोन. भाची कानाशी भाषांतर करत होती. कोटांपाशी ती थांबली आणि मीही पुढचे विचारले नाही.

कार्यक्रमानंतर मी दगडांवर देणगीदारांची नावे शोधू लागलो. ती नसतातच. आपल्याकडे देवळाच्या पायऱ्यांपासून पंख्याच्या पात्यांपर्यंत देणाऱ्याचे नाव रंगवलेले पाहण्याची सवय असल्याने मला हे फार आवडले. पायाखाली नाव येण्याचा प्रश्न मात्र सुटत नाही. म्युनिकने सार्वजनिक रस्त्यावर असे दगड बसवू दिलेले नाहीत. तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्ष शार्लोटे क्नोब्लोख, ज्या स्वतः त्या काळातून वाचल्या, त्यांना मृतांची नावे तुडवली जाणे असह्य वाटते. एका तरुणाची सायकल त्या ओल्या पितळेवरून गेली, तेव्हा मला त्यांचे म्हणणे पटले. पण नाव वाचायला प्रत्येकाला मान वाकवावी लागते, हेही तिथेच दिसले.

मलाही एक दगड द्यायचा होता. संयोजक बाईंनी नम्रपणे सांगितले की बर्लिनमध्ये दगडांसाठी रांग मोठी आहे, पैशापेक्षा शोधकामच अडते. तेव्हा मुलांचा अभिलेखागारापर्यंतचा प्रवास आणि कागदांच्या प्रती यांसाठी काही देता येईल. खरे सांगतो, क्षणभर हिरमोड झाला. एका माणसाच्या नावाचा दगड आपण दिला, असे मनाशी म्हणण्यात जे सुख आहे ते झेरॉक्सच्या खर्चात नाही. पण ती यादी त्या मुलीच्या हाती आली होती ती अशाच खर्चातून. मी एका दगडाएवढी रक्कम दिली. मिळालेल्या जर्मन पावतीचा आपल्याकडच्या देणगीवरील आयकर सवलतीसाठी काडीचा उपयोग नाही, हे ठाऊक असूनही पुढच्या वर्षी भाचीमार्फत तेवढेच पैसे पाठवायचे ठरवले आहे.