शक्तिमान, स्टॅलियन आणि आमची शेड

डिस्पोजलच्या, म्हणजे फौजेनं लिलावात काढलेल्या गाड्यांशी ज्यांचा संबंध आलाय, त्यांना शक्तिमान म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. फौजेची ही मालवाहू गाडी, १९५९ पासून जर्मनीच्या मॅन कंपनीच्या सहकार्यानं जबलपूरला बनलेली आणि पुढे अशोक लेलँडचा स्टॅलियन ट्रक फौजेत आल्यावर लिलावात निघत गेलेली. आमचा धंदा उभा राहिला तो याच गाडीवर. आज आमच्याच रस्त्याला ‘आर्मी ट्रक स्पेशालिस्ट’ अशी पाटी लावून काही जण बसलेत. त्यातला एक जण हे काम कुठं शिकला, हे त्यालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही.

सुरुवातीला मी आणि हवालदारमामा, दोघंच. मामा ईएमईतून, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलातून निवृत्त झालेले. येताना स्वतःची पत्र्याची पेटी घेऊन आले, आणि खरं सांगायचं तर ती पेटी हेच आमचं भांडवल. रिंग पाने मापानं लावलेले, फट मोजायचा फीलर गेज तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला, बेअरिंग बसवायला पितळेचा एक ड्रिफ्ट, म्हणजे ठोकायचा दांडा, ज्याचं डोकं ठोकून ठोकून पसरलेलं. चाकाच्या हबच्या नटासाठी त्यांनी जाड पाइपच्या तोंडाला खाचा पाडून बॉक्स पाना बनवला होता. तो नट छिन्नी-हातोड्यानं फिरवणारा पोरगा दुसऱ्या दिवशी कामावर नसायचा. आवाज ऐकायला मामा लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनच्या ब्लॉकवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. आता पोरं मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवतात आणि म्हणतात, शेठ, बघा काय झालंय. काय बघणार?

गाडी आली की इंजिन सुरू करून बघायची घाई सगळ्यांनाच असते. आमच्याकडं आधी टाकी उतरते. वर्षानुवर्षं डेपोत उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत डिझेल कमी आणि गंज जास्त. तो इंजिनच्या डिझेल पंपात गेला की नोझल आणि कॅलिब्रेशनचा खर्च अंगावर येतो. मग ब्रेकचं सगळं रबर, दिसायला कितीही चांगलं असो, फेकायचं. टायरचंही तेच. नक्षी कोरी करकरीत, पण कडेला नखानं दाबलं की चिरा उघडतात. आणि कडीच्या रिमचं, म्हणजे लोखंडी कडीनं अडकवलेलं टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवल्याशिवाय फुगवायचं नाही. कडी उडाली तर माणूस जागेवर जातो. मामांनी पिंजरा पहिल्याच महिन्यात वेल्ड करून घेतला. बाकीच्यांच्या शेडमध्ये तो आहे का, एकदा बघून या.

मागच्या अॅक्सलच्या हाऊसिंगवर रंगवलेला पांढरा गोळा मात्र आम्ही पुसत नाही. रात्री ताफा बत्त्या बंद करून चालतो, तेव्हा खालच्या बारक्या दिव्यात तेवढाच दिसतो आणि मागचा ड्रायव्हर त्यावर नजर ठेवून चालवतो. गिऱ्हाईक त्याला डाग समजतं.

आता मुख्य गोष्ट. एकदा आम्ही कर्ज काढून तीन शक्तिमान एकत्र उचलल्या. तिन्हींची गिऱ्हाइकं ठरलेली, बयाणा घेतलेला. गाड्या तयार झाल्या आणि आरटीओत पासिंगला अडकल्या. फॉर्म २१ वर, म्हणजे फौजेच्या विक्री दाखल्यावर, एक इंजिन नंबर आणि ब्लॉकवर दुसराच. फौजेत ओव्हरहॉलला, म्हणजे पूर्ण दुरुस्तीला गेलेल्या गाडीला दुसरं, तयार इंजिन बसवून परत पाठवतात, हे धंद्यातल्या माणसाला माहीत असतं. टेबलामागच्या साहेबाला नव्हतं. त्यातच कुणीतरी निनावी अर्ज केला, की यांच्याकडची इंजिनं चोरीची आहेत. त्या अर्जात ब्लॉकवरचे नंबर बरोबर लिहिलेले होते. आमच्या शेडमध्ये वाकून बघितल्याशिवाय ते मिळणारच नाहीत. नाव घेत नाही. पाटी मी वर सांगितली आहे.

बँकेचे हप्ते थांबले, दोन गिऱ्हाइकांनी बयाणा परत मागितला आणि तो देताना शेडमधला कॉम्प्रेसर विकावा लागला. कामगार गेले. मामांचा पगार थकला, त्यावर ते बोललेही नाहीत. तिसरं गिऱ्हाईक म्हणजे खंबाटकी घाटात क्रेन चालवणारे आबा. घाटात कलंडलेल्या गाड्या ओढायला त्यांना शक्तिमानच हवी होती. आम्हाला वाटलं, हेही पैसे मागायला आले. आले ते स्वतःची, इंजिन उचलायची चेन पुली घेऊन. म्हणाले, “तुमचं सामान विकलंत असं कळलं. ही वापरा, मला पावसाळ्यापर्यंत लागत नाही. गाडी मात्र माझीच.” असं गिऱ्हाईक धंद्यात एकदाच भेटतं.

मामांनी डेपोला पत्र लिहिलं, अगदी फौजी थाटात, एकही शब्द जास्तीचा नाही. गाडीच्या लॉगबुकात इंजिन बदलल्याची नोंद असणारच, ती काढून दाखला दुरुस्त करून द्यावा, एवढंच. उत्तर यायला पावसाळा उलटून गेला. पण आलं, शिक्क्यासकट. त्याच आठवड्यात आबांची गाडी पास झाली. उरलेल्या दोन त्यांच्याच ओळखीनं विकल्या गेल्या.

त्यानंतर बरी वर्षं गेली. मामा थकल्यावर पेटी इथंच ठेवून गावी गेले. आता स्टॅलियनची कामं जास्त.

लिलावही बदलला. पूर्वी डेपोच्या आवारात उभं राहून बोली लावायची आणि भंगारवाल्यांची टोळी आधीच आपसात ठरवून यायची. आता एमएसटीसी या सरकारी लिलाव कंपनीच्या साइटवर बोली लागते, ‘जशी आहे तशी, जिथं आहे तिथं’. म्हणून नवीन माणसाला सांगतो, फोटो बघून बोली लावू नका. पाहणीच्या दिवशी जा, ब्लॉकवरची काजळी घासून नंबर स्वतः वाचा आणि लॉटच्या कागदाशी ताडून बघा. गाडी घेतल्यावर डांबरी रस्त्यावर पुढच्या चाकांचा गियर टाकून चालवू नका, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचा जीव जातो. आणि चोवीस व्होल्टच्या वायरिंगवर कारचा बारा व्होल्टचा टेप लावू नका. वायर जळल्यावर आम्हाला फोन येतो.

रंगाचंही सांगून ठेवतो. प्रत्येकाला फौजी हिरवाच हवा असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सांगतो, की ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाडीला. आम्ही करड्या किंवा मातकट रंगात देतो आणि त्यापायी गिऱ्हाइकं गमावली आहेत. ती शेजारच्या पाटीकडं गेली, तिथं हवा तो रंग मारून मिळतो. त्यातलं एक गेल्या महिन्यात रस्त्यात अडवलं गेलं आणि गाडी घेऊन आमच्याकडं आलं. जुना रंग खरवडण्याचे पैसे वेगळे लावले.