तुम्ही विचारलंत म्हणून: चालताना मी काय पुटपुटते

जालन्यातल्या मोतीबागेत, तलावाकाठच्या बागेत, सकाळी चालताना भेटणाऱ्या दोघी-तिघींनी विचारलं, शाळेतल्या मॅडमनी विचारलं, परवा तर शेजारच्या काकूंनी सरळच विचारलं, "ओ मॅडम, चालताना ओठ काहून हलतात तुमचे, मंत्र म्हणता का?" मंत्र नाही ओ काकू. मी धन्यवाद म्हणते. चार पावलांना एक, उठबशीला एक, आकडे मोजायच्या जागी.

हे मायकडून आलं. माय बेथेलची, म्हणजे जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवलेलं ख्रिस्ती गाव, तिथली. बायबलातलं 103 वं स्तोत्र तिला लहानपणापासून पाठ, "त्याचे सर्व उपकार विसरू नको" ही ओळ तर भाकरी थापतानाही तोंडात. 2013 च्या दुष्काळात जालन्यात नळाचा काही भरवसा नव्हता, टँकर आला की माय दोन्ही हातात दोन घागरी घेऊन जिना चढायची, मी म्हणायचे एक ठेव ना खाली, ऐकायची नाही. तिच्या हातांकडे मी कधी नीट बघितलंच नाही, हात म्हणजे काम करणारच ना.

मग तीन वर्षांपूर्वी तिला लकवा आला, डाव्या बाजूला. बोलणं वाचलं पण हात मुठीसारखा वळून गेला. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी सांगितलं, असाच राहू दिला तर सांधे आखडतील, रोज दोनदा एकेक बोट हळूच उघडायचं, धरायचं, सोडायचं, असं दहा वेळा, पाची बोटं, मग मनगट, मग कोपर. शाळेतून दमून यायचं आणि हे घेऊन बसायचं. खरं सांगते, पहिला महिनाभर मी नुसते आकडे मोजायचे, तेही पटपट, सातावरून एकदम नवावर, आणि मनात देवबापावर राग, की जन्मभर राबलेल्या बाईला हेच द्यायचं होतं का. माय मात्र मोजायचीच नाही. बोट उघडलं की "धन्यवाद बापा". पुढचं बोट, "धन्यवाद बापा". करंगळी तर उघडायचीच नाही, तिथंही तेच. एकदा मी चिडून बोलले, माय, आता कशाचा धन्यवाद, हलतंय का ते?

ती म्हणली, "तू धरलंस ना."

त्या रात्री स्वयंपाकघरात उभी राहून मी माझीच मूठ उघडझाप करत राहिले, कितीतरी वेळ. मी शाळेत विज्ञान शिकवते, एका हातात 27 हाडं असतात हे तक्त्यावर छडी ठेवून किती वर्षं सांगितलं असेल, पण ती माझ्याच हातात आहेत आणि मी न सांगता सरकतायत, हे तेव्हा जाणवलं. दुसऱ्या दिवसापासून चालायला लागले.

चर्चमधले एक काका म्हणाले, बायबलात प्रेषित पौलानं त्याच्या शिष्याला, तीमथ्याला लिहिलंय की शरीराची कसरत थोडीच उपयोगाची. लिहिलंय, पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात. पण थोडी म्हणजे काहीच नाही असं नाही ना, आणि तोच पौल करिंथकरांना सांगतो की शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे. मंदिर झाडायला कोण नको म्हणतं? वजन साडेतीन किलो उतरलं, बरं वाटलं, पण नुसत्या वजनासाठी मी मे महिन्यातल्या उकाड्यात पहाटे उठले नसते.

पहिल्या फेरीला शब्द कोरडेच असतात, गुडघा कुरकुरतो, डोक्यात शाळेची कामं. दुसऱ्या फेरीला तलावावरून वारा येतो, घाम सुटतो आणि मग धन्यवाद कशाकशाला चिकटतो सांगू, गुडघ्याला, घामाला, मायच्या करंगळीलाही. शेवटी उठाबशा काढताना धाप एवढी लागते की अख्खा शब्दच निघत नाही, धन्य... वाद असा तुटतो, कधी नुसता श्वासच. तोही देवबापाला कळतो असं मला मनापासून वाटतं. सोबत एक खाला असतात, त्यांच्या हातात तसबीह, म्हणजे जपमाळ, त्या त्यांचं म्हणतात मी माझं, पावलं मात्र बरोबर पडतात.

काकू, तुम्ही येते म्हणालात ना, तर पावणेसहाला गेटवर या. साडेसातला मायच्या बोटांची वेळ असते, सातच्या पुढं मी थांबत नाही.