मॉन्टेव्हिडिओतले निरोपाचे वर्ष

मी उरुग्वेच्या राजधानीत, मॉन्टेव्हिडिओत पोहोचलो तेव्हा हिवाळा सरत आला होता, आणि पहिल्याच आठवड्यात, ६ सप्टेंबर २०२४ रोजी, सेंतेनारियो मैदानावर मी लुईस सुआरेझचा उरुग्वेच्या संघातला अखेरचा सामना पाहिला. पॅराग्वेविरुद्ध एकही गोल झाला नाही. तरी ६९ आंतरराष्ट्रीय गोल करणाऱ्या त्या खेळाडूला निरोप देताना माझ्या शेजारचे आजोबा टोपी छातीशी धरून रडत होते. याच मैदानावर १९३० साली उरुग्वेने अर्जेंटिनाला ४-२ असे हरवून पहिला विश्वचषक जिंकला होता.

ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली. इथे मतदान सक्तीचे आहे, आणि आवडत्या पक्षाची छापील यादी पाकिटात घालून ते पाकीट पेटीत टाकायचे असते. रांगेत जो तो बगलेत थर्मास आणि हातात ‘माते’ नावाचा कडू चहा घेऊन उभा होता. २४ नोव्हेंबरच्या दुसऱ्या फेरीत इतिहासाचे माजी शिक्षक यामांदू ओर्सी विजयी झाले आणि प्रतिस्पर्धी आल्वारो देल्गादो यांनी त्याच रात्री पराभव मान्य केला. आमच्या घरमालकीणबाई देल्गादोंच्या बाजूच्या. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ओर्सीसमर्थक शेजाऱ्याला नेहमीप्रमाणे माते दिला. हा सुसंस्कृतपणा मला फार मोलाचा वाटतो.

फेब्रुवारीत बारिओ सुर आणि पालेर्मो या जुन्या वस्त्यांतून कांदोंबे या ढोलवादनाच्या मिरवणुका निघाल्या. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांच्या वंशजांनी जपलेल्या या वादनाला २००९ साली युनेस्कोची मान्यता मिळाली. मिरवणुकीआधी वादक रस्त्यातच शेकोटी पेटवतात आणि आपल्याकडे हलगी शेकतात तसे ढोल शेकून चामडे ताणून घेतात. एका हातात काठी, दुसरा हात मोकळा. चिको हा लहान ढोल लय धरतो, रेपिके हा मधला ढोल साद घालतो आणि पियानो नावाचा मोठा ढोल सगळ्यांना खालून तोलून धरतो. तो घुमू लागला की छाती अक्षरशः थरथरते.

१ मार्चला ओर्सींनी सूत्रे घेतली. १३ मे रोजी त्यांचे गुरू, माजी राष्ट्राध्यक्ष होसे मुहिका, ८९व्या वर्षी वारले. तुरुंगात अनेक वर्षे काढलेला आणि राष्ट्राध्यक्ष असतानाही आपल्या साध्या शेतघरातच राहिलेला हा माणूस. संसदभवनाबाहेरच्या अंत्यदर्शनाच्या रांगेत मी उभा होतो. घरमालकीणबाई माझ्याबरोबर आल्या होत्या. आयुष्यात एकदाही त्यांनी मुहिकांच्या पक्षाला मत दिले नव्हते, आणि त्यांच्या हातात अंगणातली फुले होती.