अनामत रकमेचे वीस महिने

जर्मनीत घर भाड्याने घेताना घरमालकाकडे ठेवाव्या लागणाऱ्या अनामत रकमेला ‘काउत्सिओन’ म्हणतात. स्टुटगार्टमधले आमचे पहिले घर सोडल्यानंतर या रकमेचा शेवटचा युरो हिशेबाला लागेपर्यंत वीस महिने गेले. तेवढ्यावरून घरमालक लबाड होता असे मात्र मी म्हणणार नाही, कारण त्याच्या तीन मागण्यांपैकी एक चुकीची होती, एक अवाजवी होती आणि एक, कबूल करायला जड गेले तरी, बरोबर होती.

जर्मन नागरी संहितेच्या कलम ५५१ नुसार ही रक्कम ‘काल्टमीटे’च्या, म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा वगैरेंचा खर्च सोडून जे निव्वळ भाडे उरते त्याच्या तिपटीपेक्षा जास्त असू शकत नाही. भाडेकरूला ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क असतो, आणि घरमालकाने ती स्वतःच्या पैशांत न मिसळता वेगळ्या खात्यात ठेवून तिच्यावरचे व्याज भाडेकरूला द्यायचे असते. आमचे निव्वळ भाडे ७८० युरो होते, त्यामुळे २०१९ मध्ये आम्ही २,३४० युरो भरले; हप्त्यांची सवलत ठाऊक नसल्याने एकरकमीच भरले. एवढे सगळे बारकाईने सांगणारा कायदा, घर सोडल्यावर पैसे किती दिवसांत परत करायचे याबाबत मात्र गप्प आहे. न्यायालये ‘वाजवी मुदत’ असे म्हणतात, आणि वाजवी म्हणजे किती हे ज्या त्या प्रकरणावर अवलंबून राहते.

आमच्या प्रकरणाचा निकाल खरे तर घराचा ताबा घेतला त्याच दिवशी लागला होता. इथे ताबा देताना-घेताना दोन्ही पक्ष घरभर हिंडून एक नोंदपत्रक भरतात आणि त्यावर सह्या करतात. त्याला ‘यूबरगाबेप्रोटोकोल’ असे लांबलचक नाव आहे. त्या दिवशी कार्यालयातला एक जर्मन सहकारी माझ्यासोबत आला होता. बैठकीच्या खोलीत तो चक्क गुडघे टेकून बसला, खिशातून टेप काढून त्याने फरशी मोजली आणि पत्रकात लिहायला लावले: ‘बाल्कनीच्या दारापासून ४० सेंटिमीटरवर लाकडी फरशीला ओरखडा, लांबी ११ सेंटिमीटर.’ पहिल्याच भेटीत समोरच्या माणसाच्या घरातली उणीदुणी काढत बसायचे या कल्पनेनेच मला इतका संकोच वाटत होता की मी दोनदा ‘राहू दे’ म्हणालो. भीड भिकेची बहीण, हे लहानपणापासून ऐकलेले असूनही माझ्या एकट्याच्या हातून ती ओळ पत्रकात आली नसती.

मार्च २०२३ च्या अखेरीस आम्ही घर सोडले. त्याआधी ओळखीच्या अनेकांनी सल्ला दिला होता की शेवटच्या तीन महिन्यांचे भाडे भरूच नका, डिपॉझिटमधून वळते करून घ्या म्हणून सांगा. आपल्याकडे हे सर्रास चालते आणि घरमालकही फारशी खळखळ करत नाहीत. इथे मात्र त्याला सरळ भाडे थकवणे म्हणतात, कारण अनामत रक्कम ही घर सोडेपर्यंतच नव्हे, तर सोडल्यानंतर निघणाऱ्या देण्यांसाठीही तारण असते. आम्ही भाडे भरत राहिलो. शेवटच्या दिवशी तळघराची आणि टपालपेटीची धरून पाच किल्ल्या मोजून दिल्या, वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे लिहून घेतले आणि हस्तांदोलन करून निघालो.

पुढचे पाच महिने काहीच आले नाही. भाडेकरूंच्या ज्या संघटनेचे, म्हणजे ‘मीटरफेराइन’चे, मी वार्षिक वर्गणी भरून सदस्यत्व घेतले होते, तिथल्या वकीलबाईंनी थोडे थांबायला सांगितले, कारण घर परत मिळाल्यापासून सहा महिन्यांत नुकसानीचा दावा मुदतबाह्य होतो. (आज कोणी एवढ्याच भरवशावर थांबू नये. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने असे ठरवले आहे की सहा महिने उलटले तरी घरमालक नुकसानीची रक्कम अनामत रकमेतून वजा करू शकतो.) ऑगस्टच्या शेवटी पत्र आले आणि पाठोपाठ खात्यात १,११० युरो जमा झाले. फरशीच्या दुरुस्तीसाठी ४२० आणि एका खोलीच्या रंगकामासाठी ३१० युरो कापले होते, तर हीटिंगच्या हिशेबासाठी ५०० युरो राखून ठेवले होते.

फरशीची मागणी वाचताच मी जुने पत्रक शोधले. तोच ओरखडा, बाल्कनीचे तेच दार. पत्रकाची प्रत जोडून रजिस्टर पोस्टाने चार ओळींचे उत्तर पाठवले.

रंगाचे प्रकरण वेगळे होते. रोजच्या वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, हे कलम ५३८ सांगते. आणि २०१५ च्या एका निकालानुसार घर मुळात रंगकाम न करता दिले असेल, तर योग्य मोबदला न देता जाताना ते रंगवून देण्याची अट करारात घालता येत नाही. हे दोन्ही मुद्दे मी मोठ्या उत्साहाने वकीलबाईंसमोर मांडले. त्यांनी शांतपणे विचारले, ‘मुलाच्या खोलीचा रंग आधी कोणता होता?’ खोली पांढरी मिळाली होती आणि आम्ही ती गडद हिरवी केली होती. निघण्यापूर्वी पांढऱ्याचा एक हात मारला होता, पण दुपारचे ऊन भिंतीवर आले की खालचा हिरवा स्वच्छ दिसत असे, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होते. साध्या रंगात मिळालेले घर भडक रंगात परत केल्यास भरपाई द्यावी लागते, असा २०१३ चा निकालही आहे. ते ३१० युरो मी सोडून दिले.

उरला हीटिंगचा हिशेब, आणि माझ्या मते अनामत रकमेवरून भारतीय भाडेकरूंचा सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतो. आपण दरमहा या खर्चापोटी केवळ आगाऊ रक्कम भरत असतो आणि प्रत्यक्ष हिशेब वर्षातून एकदा होतो. तो देण्यासाठी घरमालकाला वर्ष संपल्यावर आणखी बारा महिने मिळतात. आमचे हिशेबाचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असे असल्याने, २०२३ च्या पहिल्या तीन महिन्यांचा हिशेब डिसेंबर २०२४ अखेरपर्यंत आला तरी तो वेळेत धरला जाणार होता. तोवर अनामत रकमेचा वाजवी भाग अडकवून ठेवण्याची मुभा न्यायालयाने २००६ मध्येच दिलेली आहे. त्या हिवाळ्यात गॅसच्या दरांनी सगळ्यांचीच झोप उडवली होती, त्यामुळे घरमालकाची भीती मला समजत होती. तरीही आम्ही महिन्याला १९० युरो आगाऊ भरलेले असताना तीन महिन्यांसाठी वर आणखी ५०० युरो अडकवणे अति होते. मागच्या वर्षांचे हिशेब जोडून मी २५० युरो सुचवले आणि त्याच पत्रात व्याजाचीही आठवण करून दिली.

तीन आठवड्यांनी ६७१ युरो १२ सेंट आले: फरशीचे ४२०, राखून ठेवलेल्यांतले २५० आणि चार वर्षांचे व्याज १ युरो १२ सेंट. शून्याला टेकलेल्या व्याजदरांच्या काळात याहून जास्त मिळणारही नव्हते, पण बँकेच्या नोंदीत त्याने ते वेगळे लिहिले होते, याचे मला बरे वाटले.

हीटिंगचा हिशेब नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. आमच्याकडून १४३ युरो निघत होते. ते वजा करून उरलेले १०७ युरो त्याच आठवड्यात जमा झाले.