आलिशान सेडानची रेसकार करताना

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये एक जुनी जर्मन सेडान रेससाठी उभी केली, त्याबद्दल लिहितोय. डोळ्यासमोर बेंटलीची कॉन्टिनेन्टल जीटी३ होती, म्हणजे कॉन्टिनेन्टल या त्यांच्या आलिशान गाडीची रेससाठी केलेली आवृत्ती. रस्त्यावरची कॉन्टिनेन्टल सव्वादोन टनांच्या आसपास; रेसची गाडी त्यांनी १,३०० किलोच्या आत आणली. चारही चाकांना जाणारी ताकद फक्त मागच्या चाकांना दिली, व्ही८ इंजिन मात्र मूळ गाडीच्याच घराण्यातलं ठेवलं. याच गाडीने २०२० साली ऑस्ट्रेलियातली बाथर्स्टची १२ तासांची शर्यत जिंकली.

आमचीही सुरुवात वजन उतरवण्यापासूनच झाली. मोटारवाली सीट, एअरबॅग, कार्पेट निघालं. चिवट निघाले ते फ्लोअरवरचे डांबरी शीट. आवाज दाबायला कंपनी ते चिकटवते. हीट गनने तापवायचं, पत्रीने खरवडायचं, परत तापवायचं. पोरांचे हात काळे झाले, पण खालचा स्वच्छ पत्रा दिसला तेव्हा बरं वाटलं.

खरं काम रोल केजचं, म्हणजे गाडीच्या आत बसवायच्या पोलादी पाइपांच्या पिंजऱ्याचं. आमचे वेल्डर मामा म्हणाले, "दादा, ईआरडब्ल्यू पाइप घ्या की, स्वस्तात मिळतोय." पण ईआरडब्ल्यू म्हणजे पत्रा वळवून वेल्ड केलेला पाइप, त्याला उभा जोड असतो. एफआयए या मोटार रेसिंगच्या जागतिक संस्थेच्या नियमात कोल्ड ड्रॉन सीमलेसच, म्हणजे थंड अवस्थेत ओढलेला बिनजोड पाइपच लागतो. मुख्य कमानीला ४५ मिमी व्यासाचा, २.५ मिमी जाडीचा किंवा ५० मिमीचा, २ मिमी जाडीचा. तो मागवला. केज फक्त गाडी उलटली तर जीव वाचवायला असतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. माझ्या मते तेवढंच महत्त्व बॉडीच्या कडकपणाला आहे. बॉडी पिळवटत राहिली तर सस्पेन्शनचं सेटिंग करून उपयोग काय? केजच्या प्रत्येक पायाखाली ३ मिमीची प्लेट बसवली, आणि कमानीचे सांधे मामांनी टिग वेल्डिंगने इतके सुरेख ओढले की त्यावर रंग मारायला मन होईना.

वायरिंगचं थोडक्यात सांगतो: जुनं हार्नेस, म्हणजे वायरांचं जाळं, काढून स्वतंत्र ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) बसवला. नाहीतर काढून टाकलेल्या प्रत्येक वस्तूची तक्रार गाडी करत बसते.

शेवटी कॉर्नर वेट, म्हणजे प्रत्येक चाकाखाली वजनकाटा ठेवून कुठे किती भार येतो ते जुळवणं. गवंड्याची पाण्याची नळी लावून चारही काट्यांच्या खालची जमीन एका पातळीत आणली, कमी पडलं तिथे पत्र्याचे तुकडे सारले. टायरमध्ये हवा नेमकी भरली, वळणावर गाडी कलू न देणारा अँटी-रोल बार सोडवला, ड्रायव्हरच्या सीटवर त्याच्याएवढं वजन ठेवलं. आता एका कोपऱ्याचा स्प्रिंग नट फिरवून वर चढवला की त्या चाकावरचा भार वाढतो, आणि समोरच्या तिरप्या कोपऱ्यावरचाही. बाकीच्या दोन चाकांवरचा कमी होतो. दोन्ही तिरप्या जोड्या निम्म्या-निम्म्या आल्या पाहिजेत, म्हणजे गाडी डावीकडे आणि उजवीकडे सारखी वळते. अर्धा फेरा, परत काटा, परत पाव फेरा असं चाललं होतं. आकडे जुळले तेव्हा मामांनी काट्यावरचा पडदा दोनदा पुसून पाहिला आणि मगच लॉकनट आवळला.