थिअरीची वही: पाच काळ्या पट्ट्या, दहा थाट आणि झपतालाची तिगुन

गायन-वादनाच्या पहिल्या परीक्षांचं शास्त्र नुसतं पाठ न करता पेटीवर पडताळून पाहणाऱ्यांसाठी ही नोंद. सामान थोडं आहे: पेटी किंवा साधा कीबोर्ड, मोबाइलवर तानपुरा, चौकटीची वही आणि पेन्सिल. पेन नको, तिगुन (तालाचे बोल तिप्पट लयीत) लिहायला घेतली की कारण कळेल.

अंतरं: पक्की

षड्जाला, म्हणजे सा ला, शून्य म्हणा. काळी-पांढरी न पाहता शेजारची प्रत्येक पट्टी म्हणजे एक घर. शुद्ध स्वर ०, २, ४, ५, ७, ९, ११ या घरांवर येतात, १२ वर तार षड्ज. कोमल रे, ग, ध, नी हे १, ३, ८, १० वर आणि तीव्र म ६ वर. एवढे आकडे तोंडात बसले की कुठल्याही पट्टीतून सप्तक काढता येतं.

नवशिक्यांचा घोळ होतो तो पांढरी एकमुळे (दोन काळ्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी; तिथून पांढऱ्या आणि काळ्या वेगवेगळ्या मोजायच्या). तिथून सगळे शुद्ध स्वर पांढऱ्यांवरच येतात आणि ‘शुद्ध म्हणजे पांढरी, कोमल म्हणजे काळी’ असं डोक्यात बसतं. म्हणून सुरुवात काळी एकपासून. बिलावल, म्हणजे सगळे स्वर शुद्ध, असा येतो: काळी १, काळी २, पांढरी ४, काळी ३, काळी ४, काळी ५, वरची पांढरी १, वरची काळी १. इथे ग आणि नी तेवढे पांढरे. एवढ्यानं तो गैरसमज जातो.

पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्यासोबत किंचित चढा वाटला तर कानाला दोष देऊ नका. सप्तकाचे बारा समान भाग करून पेटी लावलेली असते. त्यामुळे तिचा ग तानपुऱ्यात उमटणाऱ्या स्वयंभू गंधाराहून सुमारे १४ सेंट वर बसतो (एक घर म्हणजे १०० सेंट). पंचमात हा फरक जेमतेम दोन सेंटचा, म्हणून पंचम खटकत नाही.

दहा थाट: पक्के, पण क्रम बदलून

संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांचे दहा थाट (रागांची वर्गवारी करणारे सात स्वरांचे साचे) बहुतेक पुस्तकांत बिलावलपासून दिलेले असतात आणि त्या क्रमानं पाठ केले की दोन दिवसांत आसावरी-भैरवीची अदलाबदल होते. कल्याणपासून निघा आणि दर वेळी एकच स्वर उतरवा. कल्याणचा तीव्र म शुद्ध केला की बिलावल, मग नी कोमल केला की खमाज, ग कोमल केला की काफी, ध केला की आसावरी, रे केला की भैरवी. लक्षात ठेवायचा क्रम एवढाच: म, नी, ग, ध, रे.

उरलेल्या चारांत रे कोमलच. मारव्यात कोमल रे आणि तीव्र म. त्यात कोमल ध घातला की पूर्वी, आणखी कोमल ग घातला की तोडी. पूर्वीचा म शुद्ध केला की भैरव.

मूर्च्छना: इथे सध्या मुक्काम

मूर्च्छना म्हणजे स्वर तेच ठेवून सा बदलणं. फक्त पाच काळ्या पट्ट्या घ्या. काळी तीनला सा मानून ओळीनं वर गेलात तर ०, २, ४, ७, ९, म्हणजे भूपाचे स्वर. त्याच पट्ट्यांवर काळी चारला सा माना: ०, २, ५, ७, १०. हे मध्यमाद सारंगाचे स्वर. काळी पाचपासून ०, ३, ५, ८, १०, म्हणजे मालकंस. काळी एकपासून ०, २, ५, ७, ९, दुर्गा. काळी दोनपासून ०, ३, ५, ७, १०, धानी. दर वेळी बोटांखाली त्याच पाच पट्ट्या.

आणि तरीही बऱ्याच जणांना पाचही ठिकाणी भूपच ऐकू येतो. कारण तानपुरा. तो काळी तीनलाच चालू ठेवला तर कान जुना षड्ज सोडत नाही. दर वेळी तानपुऱ्याची पट्टी बदला आणि नव्या षड्जावर थोडा वेळ नुसतं थांबा. मालकंसाला आणखी एक काम: त्यात पंचम नाही, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमाला लावा.

इथवर मिळतात ते फक्त स्वर, राग नव्हे. भूप आणि देसकार दोघांचेही स्वर सा रे ग प ध. भूपाचा वादी (मुख्य स्वर) ग, संवादी (त्याखालोखाल महत्त्वाचा) ध. देसकाराचं बरोबर उलट. भूप रात्रीचा, देसकार सकाळचा. थाटही वेगळे, कल्याण आणि बिलावल. भूपात म नाही, नीही नाही, तरी तो कल्याण थाटात. हे घरं मोजून सिद्ध होत नाही, चलनावरून, म्हणजे रागातले स्वर कसे फिरतात त्यावरून, ठरवलेलं आहे. वर्गीकरणातला हा सांधा कच्चाच आहे, तो मुकाट्यानं पाठ करावा.

लिपी

स्वर लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. भातखंडे लिपीत म वरची उभी रेघ म्हणजे तीव्र मध्यम. पलुसकर लिपीत स्वरावरची उभी रेघ म्हणजे तार सप्तक. बिंदूचंही तसंच: भातखंड्यांत खाली मंद्र, वर तार, पलुसकरांत वरचा बिंदू मंद्राचा. वहीच्या पहिल्या पानावर लिपीचं नाव लिहा आणि दोन्ही मिसळू नका.

झपतालाची तिगुन

दहा मात्रा, खंड २-३-२-३, टाळ्या १, ३, ८ वर, काल (खाली) ६ वर: धी ना । धी धी ना । ती ना । धी धी ना. दुगुनीला पाच मात्रा लागतात, म्हणून ती सहाव्यापासून. तिगुनीला लागतात सव्वातीन नव्हे, ३⅓. म्हणजे ६⅔ मात्रा सोडून सुरुवात, आणि म्हणून सातव्या मात्रेत दोन अवग्रह (ऽ, रिकाम्या जागेची खूण) आधी: ऽऽधी, नाधीधी, नातीना, धीधीना. चौगुन आठव्यापासून: ऽऽधीना, धीधीनाती, नाधीधीना. पहिल्या फेरीत अवग्रह हमखास बोलामागे पडतात आणि शेवटचा ना दहाव्या मात्रेत मावत नाही. शेवटाकडून उलटं लिहीत आलात तर चुकत नाही. हातानं टाळी ठायीचीच (मूळ लयीची) ठेवा, तिगुन तोंडानं म्हणा; टाळीही तिप्पट झाली तर लय नव्हे, नुसता वेग वाढला.

पुढचं: तिहाई

तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, संपवणं. समेपासून समेपर्यंत मोजताना पुढची सम धरा: झपतालात ११ मात्रा, १० नव्हे. दहा धरल्या तर तिहाई समेच्या एक मात्रा अलीकडे संपते. तीन मात्रांचा तुकडा, मध्ये एकेक मात्रा विश्रांती: ३+१+३+१+३. तीनतालाच्या १७ साठी ५+१+५+१+५, रूपकच्या ८ साठी २+१+२+१+२. एकतालाच्या १३ ला पूर्ण मात्रांत एका मात्रेची विश्रांती जमत नाही, दोन लागतात: ३+२+३+२+३.