जपानी इम्पोर्टेड गाडी, उतरणारी बॅटरी आणि कटाकानातला फ्यूज बॉक्स

जपानहून आलेली सेकंडहँड गाडी घेतली की इंजिनचा फारसा ताप नसतो, ताप असतो तो डॅशबोर्डच्या मागे. माझ्या गाडीच्या तीन तक्रारी होत्या, स्टार्ट केली की एक बाई जपानीत काहीतरी बजावायची, रेडिओ ९० च्या पुढे जायचाच नाही, आणि तीन-चार दिवस गाडी हलवली नाही की बॅटरी मान टाकायची.

पहिल्या दोन गोष्टी बिघाड नाहीतच. ती बाई म्हणजे ईटीसी, तिकडच्या टोलचं यंत्र, कार्ड घातलेलं नाही एवढंच सांगत असते. जपानबाहेर उपयोग शून्य, प्लग काढला, विषय संपला. रेडिओचं म्हणाल तर तिकडचा एफएम ७६ ला सुरू होतो आणि जुन्या सेटमध्ये ९० ला संपतो, बाकी बहुतेक ठिकाणी ८७.५ ते १०८. अँटेनाच्या वायरमध्ये बँड एक्सपांडरची डबी लावली की स्टेशनं ठरावीक आकड्याने खाली सरकतात, म्हणजे १०० चं स्टेशन ८० वर लागतं. चालतं, पण खरखर होतेच, मला काही ते आवडलं नाही.

खरी डोकेदुखी बॅटरी. जो तो म्हणे बदलून टाक. पण फुल चार्ज करून ठेवली तर सकाळी १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना १४ च्या वर, म्हणजे बॅटरीही धड आणि चालत्या इंजिनावर ती चार्ज करणारा अल्टरनेटरही धड. मग गाडी बंद असताना कोणीतरी करंट खातंय हे उघड आहे ना?

तर बॅटरीची निगेटिव्हची वायर काढून मध्ये मल्टीमीटर लावला, करंट मोजायच्या १० अँपिअरच्या रेंजवर. (त्याआधी म्युझिक सिस्टिमचा सिक्युरिटी कोड हाताशी आहे का ते बघा, काही सेट सप्लाय तुटला की लॉक होतात. आणि मीटर मध्ये असताना चावी फिरवायची नाही, मीटरचा फ्यूज गेलाच म्हणून समजा.) दार उघडं ठेवून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद केलं म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटतं, स्मार्ट की लांब ठेवली, आणि अर्धा तास नुसता बसून राहिलो, कारण आतले मॉड्यूल, म्हणजे गाडीचे इलेक्ट्रॉनिक डबे, लगेच झोपत नाहीत, सुरुवातीचा आकडा बघून घाबरण्यात अर्थ नाही. ५० मिलिअँपिअरच्या आत आला पाहिजे. माझा साडेतीनशेवर अडकला. म्हणजे दिवसाला साधारण साडेआठ अँपिअर-अवर, आणि या छोट्या बॅटरीत असतात मुळात चाळीसेक, करा हिशोब.

आता फ्यूज. एकेक उपटत बसू नका, परत लावताना झोपलेले मॉड्यूल जागे होतात आणि पुन्हा अर्धा तास. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात, त्यांवर मीटरच्या पिना टेकवून मिलिव्होल्ट बघायचे, शून्य असेल तर त्यातून काही वाहत नाही. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरची नावं कटाकाना या जपानी लिपीत, मोबाईलचा कॅमेरा धरून वाचली, शिगा म्हणजे सिगार लायटर, रूमु म्हणजे आतला दिवा. या रूमुवर मीटर हलला, जेमतेम दोन मिलिव्होल्ट, पण बाकी सगळीकडे जवळपास शून्य असताना तेवढं पुरे.

त्या एका फ्यूजवर छताचा दिवा, घड्याळ, ऑडिओची मेमरी असं सगळं लटकलेलं. दिवा बंदच होता, ऑडिओचा प्लग काढून बघितला, आकडा तसाच. मग शेजारच्या सीटखाली हात घातला तर एक काळा डबा, आणि तो कोमट! गाडी रात्रभर बंद, आणि हा कोमट. आधीच्या मालकाने बसवलेला डिजिटल टीव्ही ट्यूनर, जपानी ब्रॉडकास्टचा, म्हणजे माझ्या काही कामाचा नाही. तिकडे बाहेरून बसवलेल्या वस्तूंची रंगांची रीत ठरलेली आहे, पिवळी कायम सप्लाय, लाल चावी फिरवल्यावरची, काळी अर्थिंगची. इथे लाल वायर सरळ पिवळीलाच चिमटीने जोडून दिलेली, म्हणजे टीव्ही कायम चालू. कोणाला बंद गाडीतही टीव्ही बघायचा असेल, काय सांगावं.

सीटखाली हात घालताना एकच, पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यांना बॅटरी जोडलेली असताना हात लावायचा नाही. ट्यूनरचा प्लग ओढला, मीटर ३० च्या आसपास आला आणि तिथेच थांबला. वायरची टोकं टेपने बंद करून डबा काढून ठेवला. टीव्हीच्या फिल्म अँटेना समोरच्या काचेवर अजून चिकटलेल्या आहेत, गरम हवा दिली की सुटतात म्हणे, बघू कधी मुहूर्त लागतो.